माणसाची सोंगटी

रणधुरंधर महाराजांचा राक्षस काही केल्या हरत नव्हता, आणि तो हरत नाही तोवर धाकू चिताऱ्याला घरी जायला मिळत नव्हतं!

राक्षस होता लाकडाचा, वीतभर उंचीचा. महाराजांनी खरी लढाई कधी पाहिली नव्हती, म्हणून सगळं शौर्य त्यांनी एका खेळात ओतलं होतं. दरबारात मोठा पट अंथरायचा, त्यावर डोंगर, दऱ्या आणि एक अरुंद खिंड मांडायची. सरदारांनी आपापली सोंगटी निवडायची. कुणी गंधर्व, कुणी यक्ष, कुणी फणा काढलेला नाग. मग फासे टाकत, राक्षसाशी झुंजत खिंड ओलांडायची. राक्षस मात्र कायम महाराजांचा! चुकून कुणाच्या फाशाने त्याचं मुंडकं उडालं, की महाराज म्हणायचे, "दोन नवी फुटली!" मग धाकूने दोन मुंडकी कोरायची, रंगवायची आणि डिंकाने चिकटवायची. मेलेल्या गंधर्वांच्या जागी नवे गंधर्व घडवायचे, ते वेगळंच. गणपतीपर्यंत येतो म्हणून कोकणातून निघालेला बिचारा धाकू! मधे कितीतरी गणपती येऊन गेले. घरी धाकटी पोर बोलायला लागली, तिला बाप फक्त नावाने ठाऊक होता.

शेवटी थोरली लेक सगुणी त्याला न्यायला आली. मोठ्यांच्या दारी रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून येताना नारळ घेऊन आली. दरबारात खेळ ऐन रंगात होता. ती बापाशेजारी उभी राहून बघू लागली.

सरदार हैबतरावांचा नाग खिंडीच्या तोंडाशी पोचला होता. मागोमाग दोन गंधर्व होते. तेवढ्यात महाराजांना सणसणीत शिंक आली.

"राक्षस शिंकला!" महाराज ओरडले. "तिघेही कड्यावरून खाली!"

"पण महाराज," हैबतराव रडकुंडीला आले, "शिंक तर आपल्याला आली!"

"राक्षस ज्याचा, त्याचं जे होईल ते राक्षसाचं! नियम आहे माझा. बरोबर ना?"

"होय महाराज!" अख्खा दरबार एका सुरात म्हणाला, मेलेल्या तिघांसकट. महाराजांनी समाधानाने मान डोलावली. त्यांना ती सवयच होती. सगुणीने शिंकही बघितली आणि मानही बघितली.

मग तिने पुढे होऊन मुजरा केला. "म्हाराज, माझ्या बापाशीक घरी जावक देवा."

"ने की! पण आधी माझ्या राक्षसासमोरून खिंड ओलांडून दाखव. हरलीस तर तूही इथेच राहा, रंग कालवायला. आधीच सांगतो, त्याला शस्त्र लागत नाही, मंत्र चालत नाही, आणि भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही!"

धाकूने मागून लेकीचा पदर ओढला. सगुणीने तो सोडवून घेतला आणि सोंगट्यांची पेटी उपसायला सुरुवात केली. तळाशी एक सोंगटी कोरी करकरीत पडली होती. पंख नाहीत, फणा नाही, डोक्याला मुंडासं.

"माणूस?" प्रधानजी खो खो हसले. "अगं, तो आजवर कुणी घेतला नाही!"

"दिसताच तां," सगुणी म्हणाली. "रंग तसोच रवलो हा!"

तिने माणूस पटावर ठेवला. फाशांना हातही लावला नाही. नारळ मात्र राक्षसाच्या पायाशी नीट ठेवला.

"हे काय? लढ की!" महाराज म्हणाले.

"असल्याक मारूचा नसता, म्हाराज! आमच्याकडे मान देतत आणि शिवेवर राखणीक बसवतत." तिने पदर खोचला, हात जोडले आणि गावाकडच्यासारखं खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा खिंडीच्या राखणदारा! आज जो काय नारळ तुझ्यापुढे ठेवलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" धाकूच्या तोंडून आपसूक निघालं. किती दिवसांनी!

"ह्या सरदारांनी तुका भाले टोचले, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय महाराजा!" आता हैबतरावही सामील झाले. त्यांना तर पटलंच होतं.

"आणि आजपासून खिंडीतून येतल्या-जातल्याची राखण कर रे म्हाराजा!"

"होय महाराजा!" दरबार गरजला. असं म्हणण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने, महाराजांनी समाधानाने मान डोलावली.

सगुणीने माणूस उचलला आणि खिंडीपलीकडे ठेवला.

"अरे! अरे! हे चालणार नाही!" महाराज गादीवरून उठले. "मान मी हलवली! ती पण सवयीने!"

"आणि शिंक?" सगुणीने विचारलं. "ती तुमी ठरवून काढलात?"

कड्यावरून पडलेले हैबतराव घसा खाकरून, महाराजांची नजर चुकवत म्हणाले, "नियम आहे, महाराज."

महाराजांचा चेहरा लाल झाला. त्यांनी राक्षसाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. आणि एकाएकी असे हसत सुटले, की मुकुट सरकून डोळ्यांवर आला!

"हरलो! पोरी, हरलो!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं. धाकूला शेला पांघरला, घरापर्यंत पालखी दिली. मग जरा हिरमुसून म्हणाले, "पण माझा राक्षस तर तू कामाला लावलास. मी आता काय खेळू?"

"माणूस घेवा की, म्हाराज," सगुणीने सोंगटी त्यांच्या तळहातावर ठेवली. "राक्षस होऊक दुसरे आसत."

बापलेक वाड्याच्या दरवाजापर्यंत पोचले नाहीत, तोच मागून हैबतरावांची दणदणीत शिंक ऐकू आली. आणि पाठोपाठ महाराजांची आरोळी, "ही धरायची नाही!"