कमानीखालचा सातवा दगड

"हे कुठलं रे?" दस्तगीर चाचांनी विचारलं.

अवधूत हसला. त्याला वाटलं, चाचा थट्टा करताहेत.

चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. कागद खिडकीकडे धरला, आडवा केला, पुन्हा उभा केला.

"छान आहे. पण कुठलं?"

"चाचा, आपली कमान आहे. हडळीची."

"असं...?" म्हणत त्यांनी कागद माझ्याकडे दिला, जणू मीच त्यातली जाणकार. मला लग्न होऊन या गावात येऊन सव्वीस दिवस झाले होते.

चाचांचं शाळेमागच्या गल्लीत बायंडिंगचं दुकान आहे. सहावीत असल्यापासून अवधूत सुट्टीत इथे बसायचा. सरळ रेघेत पुठ्ठा कापायला तो इथे शिकला, पुण्याचं कॉलेज त्यानंतरचं. अजूनही आत येताना तो या उंबऱ्याला हात लावतो. घरच्या देवाला हात जोडायची त्याला आठवण करावी लागते. (लिहिताना मी अवधूत म्हणते. तोंडाने अजून जमत नाही.)

काम असं होतं. पुण्यातल्या तिघांनी गाण्यांचा अल्बम केला होता, संबळ आणि गिटार एकत्र. त्यातल्या एकाला अवधूतने गावातली गोष्ट सांगितली होती, म्हणून अल्बमचं नाव 'हडळीची कमान'. गाण्यांच्या दोनशे तबकड्या निघणार होत्या, जुन्या रेकॉर्डसारख्या, काळ्या. प्रत्येक तबकडी हाताने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या पेटीत. चित्र अवधूतचं, पेटी चाचांची. पेट्या जमल्या नाहीत तर मुंबईचा एक कारखाना सगळंच करून द्यायला तयार होता, चित्रासकट. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

आणि चाचा न पटलेल्या कामाला खळ लावत नाहीत. एका पुढाऱ्याचा गौरवग्रंथ त्यांनी न बांधता परत पाठवला होता. पानं कोरी असती तर बांधला असता, म्हणाले.

अवधूतने लग्नाआधी दोन महिने नोकरी सोडली. स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम. नोकरी सोडल्याचं माझ्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही. म्हणून त्या कागदाकडे मीही जरा जपूनच बघितलं.

चित्र देखणं होतं. ड्रोनने वरून घेतलेला फोटो आणि त्यावर केलेलं काम. खाली धुकं, कमानीच्या माथ्यावर दोन दगडी सिंह, त्यांच्या मधल्या भेगेत उगवलेला पिंपळ. अक्षरं काळी, हाडकुळी.

चाचांनी रस्त्याने चाललेल्या पाटणे सरांना हाक मारली आणि कागद दाखवला. सरांनी विजापूर सांगितलं. कुठल्या सुलतानाने बांधलं, तेही सांगितलं.

हौसाबाई शिवायला टाकलेली पोथी न्यायला आली होती. तिचं शेत कमानीच्या पलीकडे. चाळीस वर्षं रोज दोनदा त्या कमानीखालून जाते.

"सिनेमातलं हाय व्हय?" ती म्हणाली.

"मावशी, तुमच्याच वाटेवरची कमान आहे ही."

"न्हाई बाबा. ती अशी न्हाई."

"मग कशी आहे?"

हौसाबाईने विचार केला. बराच केला.

"ती आपली... हाय तशी हाय."

अवधूतचे कान लाल झाले. हा फोटो आहे, मनानं काढलेलं नाही, म्हणाला. एकेक दगड जिथल्या तिथे आहे. परदेशातल्या एका स्पर्धेलाही तो हे कव्हर पाठवणार होता. गावाला कळत नसेल तर त्याला तो काय करणार.

चाचा खळ ढवळत राहिले.

गावाचा नियम मला पहिल्याच दिवशी कळला होता. कमानीच्या माथ्यावर हडळ पाय खाली सोडून बसते. पाय उलटे, टाचा पुढे. खालून जाणाऱ्याने वर बघायचं नाही. आपल्या पायाकडे बघायचं, बोलायचं नाही, आणि पार व्हायचं. म्हातारे तसेच जातात, शिकलेले तसेच जातात. अवधूतही तसाच जातो, वरातीत मी पाहिलं आहे.

वरात कमानीअलीकडे थांबली, कारण मोटार तिथून जात नाही. सासूबाईंनी माझा पदर नाकापर्यंत ओढला आणि कानात सांगितलं, पायाकडं बघ, वर नको. चारदा भेटलेल्या माणसाशी मी लग्न केलं होतं, आणि त्याच्या गावाने मला पहिली गोष्ट सांगितली ती काय बघायचं नाही ही. मी सांगितल्याप्रमाणे चालले. जवळजवळ.

मधेच जोरात ठेच लागली. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, ते अजून तसंच आहे. नवी आहे, वाट ठाऊक नाही, असं सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर मी तिकडे गेले नव्हते.

चपला दुकानाबाहेर काढलेल्या होत्या. मी अंगठा साडीखाली घेतला.

"अवधू," चाचा म्हणाले, "कमानीखाली वाटेत दगड किती?"

"अकरा." तो विचार न करता म्हणाला.

"वर आलेला कुठला?"

"सातवा."

"आणि माथ्यावर काय आहे?"

"दोन सिंह."

"हे कधीपास्नं ठाऊक?"

अवधूतने कागदाकडे बघितलं.

"परवापासून... ड्रोन उडवला तेव्हापासून."

चाचा उठले. गुडघे वाजले. फळीवरचा खडू घेऊन ते ओणवे झाले आणि दुकानाच्या फरशीवर उंबऱ्यापर्यंत दगड आखत गेले. एक, दोन, तीन. पाऊल मावेल एवढे. सातव्याची एक कड त्यांनी दोनदा गिरवली. मग बाजूला झाले आणि हौसाबाईच्या हातात तिची पोथी दिली.

दोरा जरा जाडच वापरलाय, असं बोलत बोलत हौसाबाई निघाली. पहिल्या दगडाशी तिचं बोलणं थांबलं. हात आपोआप पदराकडे गेला. सातव्याशी तिचा पाय वीतभर उचलला गेला आणि पलीकडे पडला. अकरावा ओलांडून ती उंबऱ्याबाहेर गेली आणि दोऱ्याबद्दलचं राहिलेलं वाक्य तिने गल्लीत पुरं केलं.

तिला काही कळलं नव्हतं. आम्ही तिघंही हसलो नाही.

"आता तू," चाचा अवधूतला म्हणाले.

त्याला ठाऊक होतं काय होणार. तरी सातव्याशी त्याचा पाय उचललाच. उंबऱ्याशी तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"सूनबाई, तू."

मी चालले. सातव्यावर माझं पाऊल सपाट पडलं, आठव्यावरही.

"ती नवी आहे चाचा," अवधूत वळून म्हणाला. "तिला तो दगड कुठला ठाऊक असणार."

माझ्या अंगठ्याला होता. चाचा माझ्या काळ्यानिळ्या नखाकडे बघत होते.

अवधूतने आपला कागद उचलला, गुंडाळला, काखेत धरला. खाली बसला. सातव्या दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे पेटीवर हे दगड."

"हं."

"पण चाचा, गाणी हडळीची आहेत. नुसते दगड बघून कोण भिणार?"

चाचांनी कपाटातून एक जुनी पेटी काढली, मागे बिजागरीसारखं कापड लावून झाकण जोडलेली, आणि अवधूतच्या मांडीवर ठेवली.

"उघड."

त्याने उघडली. आत दोऱ्याची रिळं होती.

"मान कुठं गेली?"

"खाली..." अवधूत म्हणाला, आणि मान तशीच ठेवली.

चाचांनी पुठ्ठ्याचा मोठा ताव भिंतीपासून ओढून पाटावर आडवा टाकला. पट्टी लावली. पहिली खूण केली.

"दोनशेच ना?"

अवधूत नुसती मान हलवत होता.

मग त्याच्यातला हुशार मुलगा परत आला. झाकण वर-खाली करून बघत म्हणाला, "दगड बघायला माणूस वाकणार. झाकण उघडलं की ते त्याच्या डोक्याच्या वर उभं राहणार. म्हणजे झाकणाची आतली बाजू हाच माथा. तिथं काय काढू? सिंह?"

"सिंह तुझ्या यंत्रानं बघितले."

"मग कोरं ठेवू?"

"मला काय विचारतोस? सत्तर वर्षं मी दगडच मोजत गेलोय, म्हणून कधी ठेच लागली नाही."

चाचांनी पेन्सिलीला टोक काढलं. सावकाश, चारी बाजूंनी. ती घ्यायला अवधूतने हात पुढे केला. पेन्सिल त्या हातावरून पुढे गेली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. चाचांनी दाराकडे एकदा बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि आवाज खाली आणला.

"सूनबाई... तिच्या पायाची बोटं कुठल्या बाजूला होती गं?"