पुलावरची पिवळी रेघ

अमेरिकेतल्या एका राज्यात ऑर्सन वेडल नावाचा गव्हर्नर होता. माणूस कामाचा, हाताचा स्वच्छ, सकाळी सातच्या ठोक्याला कचेरीत हजर. खोड एकच. त्याचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. पाकीटसुद्धा स्वतः चिकटवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्या राज्याची स्वतःची राज्यघटना होती. तिकडे प्रत्येक राज्याची वेगळी असते. ही घटना शंभर वर्षांपूर्वी, घोड्यावरून प्रवास करणाऱ्या माणसांनी लिहिलेली. तिच्यात एक कलम होतं. गव्हर्नर राज्याची हद्द ओलांडून गेला, की तो परत येईपर्यंत त्याचे सगळे अधिकार उपगव्हर्नरकडे. सही, शिक्का, सगळं. लिहिणाऱ्यांचा हेतू साधा होता. घरधनी परगावी गेला म्हणून घर उघडं पडू नये.

पण त्याच घटनेनुसार उपगव्हर्नरसुद्धा लोकच निवडत, आणि तेही वेगळं मत देऊन. लोकांनी काय करावं? गव्हर्नर निवडला एका पक्षाचा आणि उपगव्हर्नर दुसऱ्या पक्षाची. तिचं नाव हिल्डा ब्रँट. गव्हाची शेती करणारी, मोजकं बोलणारी बाई. तिचं आणि वेडलचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ.

"माझी पाठ फिरली की ही बाई काय करील, नेम नाही," असं वेडल म्हणे. म्हणून तीन वर्षांत त्याने राज्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

आता गंमत पाहा. राजधानी होती नदीच्या अल्याड. पल्याड दुसरं राज्य. मधे एक लांबलचक पूल आणि पुलाच्या बरोबर मध्यावर हद्दीची पिवळी रेघ. वेडलची एकुलती एक मुलगी लोइस पल्याडच्या गावात राहायची. तिच्या लग्नाला बाप गेला नाही. पुलावर उभा राहून त्याने चर्चची घंटा ऐकली. नवरानवरी पुलावर आली तेव्हा त्याने रेघेवरून हात लांब करून लेकीला फुलं दिली. पुढे दर रविवारी तो घडीची खुर्ची घेऊन पुलाच्या पायवाटेवर जाई आणि रेघेच्या अलीकडे बसे. लोइस पलीकडे बसे. मधल्या टेबलावर केक. येणारेजाणारे गाड्यांचे भोंगे वाजवून हसत. वेडलला त्याची लाज वाटत नसे, पण लोइसला फार वाईट वाटे.

मग लोइसला मुलगी झाली. त्या रविवारी ती एकटीच पुलावर आली.

"बाबा, माझी मुलगी पुलावर वाढणार नाही," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी दहाला चर्चमध्ये तिचं नाव ठेवतोय. नात बघायची असेल तर घरी या."

वेडल पेचात पडला. कारण शनिवार साधा नव्हता. त्याच्या टेबलाच्या खणात एक विधेयक होतं. डोंगराळ भागातल्या अकरा गावांत दहा-बारा मुलांच्या शाळा होत्या. त्या बंद होऊ नयेत म्हणून वेडल दोन वर्षं झटला होता. विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. हिल्डाबाई मात्र त्याच्या विरुद्ध भांडली होती. तिचं म्हणणं, मुलांना बसने मोठ्या शाळेत न्यावं. आता उरली होती फक्त सही. शनिवारी चारला, त्या अकरा गावांतल्या मुलांसमोर ती करायची, असं वेडलने ठरवलं होतं. तोच शेवटचा दिवस होता. पाच वाजेपर्यंत सही झाली नाही, तर घटनेप्रमाणे विधेयक मेलं. आणि सभागृहं पुन्हा भरणार दोन वर्षांनी. तोवर शाळांना कुलपं लागली असती.

वेडलने रात्रंदिवस विचार केला. शेवटी नातीने बाजी मारली. शनिवारी सकाळी त्याने खणाला कुलूप घातलं, चावी खिशात टाकली आणि कुणाला काही न सांगता सव्वानऊला पिवळी रेघ ओलांडली.

नात त्याच्या मांडीवर आली आणि त्याचं बोट धरून झोपली. त्याच्या आईचं नाव तिला ठेवलं, कोरा. वेडल इतका सुखावला, की तासभर त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही.

साडेअकराला नदीवर धोक्याचा भोंगा झाला. वसंत लागला होता आणि वरच्या अंगाला नदीतलं बर्फ फुटलं होतं. घराएवढे तुकडे येऊन पुलाच्या खांबांवर आदळत होते. दोन्हीकडून पूल बंद झाला. असल्या पाण्यात होडी घालणं शक्य नव्हतं. दुसरा पूल इतका लांब, की पोचेपर्यंत संध्याकाळ उलटली असती. वेडलने पुलावरच्या पहारेकऱ्याच्या हातापाया पडून पाहिलं. पहारेकरी ढिम्म हलला नाही. आणि हद्दीबाहेर वेडलची सही म्हणजे नुसती शाई.

इकडे राजधानीत हिल्डाबाईच्या पक्षाची मंडळी तिच्याकडे धावत आली. त्यांचे चेहरे फुलले होते.

"बाई, तुम्हाला काही करायचं नाही," ते म्हणाले. "नुसतं स्वस्थ बसायचं. पाच वाजले की विधेयक आपोआप मरतंय. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

"माझं म्हणणं मी सभागृहात मांडलं," हिल्डाबाई म्हणाली. "तिथे मी हरले. आता खुर्ची उबवून जिंकू?"

मंडळी हिरमुसून निघून गेली. तेवढ्यात फोन वाजला. वेडलचा होता. तीन वर्षांत त्याने तिला आपणहून केलेला हा पहिलाच फोन.

"मी पलीकडे अडकलोय," तो म्हणाला.

"पुलावरच्या पहारेकऱ्याने मला सकाळीच कळवलंय. सव्वानऊपासून गव्हर्नर मी आहे."

वेडल हळूच म्हणाला, "बाई, त्या शाळा... तुम्ही विरोधात होतात, मला ठाऊक आहे. पण माझी विनंती आहे. सही करा. विधेयक खणात आहे आणि चावी माझ्या खिशात. टेबल फोडा."

"चांगलं टेबल फोडायचं कशाला? दुसरी चावी कॅलेंडरमागे खिळ्याला टांगलेली असते."

"म्हणजे? कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्या कचेरीला. तुम्हीच तेवढे राहिलात."

"मग तीन वर्षांत तुम्ही एकदाही..."

"खण तुमचा आहे, वेडलसाहेब," हिल्डाबाई म्हणाली. "चारच्या सुमाराला पुन्हा फोन करा. तेव्हा मुलं येतील. त्यांचा आवाज तुम्हाला ऐकवते."

चारला मुलं आली. बुटांना डोंगरातला चिखल, हातात कागदी झेंडे. हिल्डाबाईने फोन टेबलावर उघडा ठेवला आणि सही केली.

"या शाळा वेडलसाहेबांनी वाचवल्या," ती मुलांना म्हणाली. "माझं मत अजून बसचंच आहे. पण सही पक्की आहे, घाबरू नका."

मुलांनी अशा टाळ्या पिटल्या, की पलीकडे कोरा दचकून जागी झाली. वेडलने तिला उचलून घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत असं त्याला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी पूल उघडला. हिल्डाबाई सगळी कागदपत्रं घेऊन रेघेपाशी उभी होती. वेडलने रेघ ओलांडली.

"झालात पुन्हा गव्हर्नर," ती म्हणाली आणि कागद त्याच्या हातात दिले. त्याने ते वाचून पाहिले नाहीत. तसेच काखेत मारले.

पुढच्या आठवड्यात वेडलने घडीची खुर्ची पुलावरच्या पहारेकऱ्याला देऊन टाकली. रविवारी सकाळी तो हिल्डाबाईच्या दारात गेला, टोपी हातात घेऊन.

"बाई, नातीकडे चाललोय. राज्य सांभाळा."

हिल्डाबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली.

"जेवूनच या," ती म्हणाली.

तात्पर्य: अधिकार कुणाच्या हाती जावा हे घटना सांगू शकते, पण तो सचोटीने वापरणं माणसाच्याच हाती असतं; आणि दुसऱ्याची सचोटी पाहायची असेल, तर आधी आपण खुर्चीवरून उठावं लागतं.