लिंबोणीचं माहेर

फार पूर्वी एका परसात एक लिंबोणी होती, फळांपेक्षा जीभ आंबट. काळ्या पाकोळीच्या अळ्या दरवर्षी तिची पानं कुरतडायच्या. एकदा ती पाकोळीवर डाफरलीच, "दरवेळी माझ्याच घरी बाळंतपण? जा की त्या केळीकडे!"

"ये गं," केळ फुशारली, "माझं एकेक पान म्हणजे पंगत!"

पाकोळीनं आपल्या जातीच्या रीतीनं पायांनीच पान चाखलं. चव परकी होती, पण परत कुठल्या तोंडानं जाणार? तिनं तिथंच अंडं घातलं.

अंड्यातून अळी निघाली. केळीचं पान तिला खाववेना; एवढ्या मोठ्या पानावर ती उपाशीच मलूल पडली.

लिंबोणीला राहवेना. वारा येताच तिनं फांदी केळीला टेकवली.

"चढ इकडं," ती करवादली. "आणि शेंड्याची पानं खा. खालची जून झालीत, तुला चावायची नाहीत."