उजव्या हाताची नखं

नेलपॉलिशच्या कारखान्याचे मालक अप्पासाहेब देवरुखकर कराडच्या महिला मेळाव्यात आले आणि त्यांनी बाटल्या फुकट वाटल्या. तेव्हा पार्लर चालवणारी सुनंदा लोणारी उठली.

"साहेब, बाटलीत काय काय घातलंय ते वर कुठंच लिहिलेलं नाही. या वासात दिवसभर बसून माझ्याकडच्या मुलींची डोकी दुखतात, डोळ्यांतून पाणी येतं. टोल्युईन, फॉर्माल्डिहाइड असली घातक रसायनं न घालता बनवा आणि तसं बाटलीवर छापा. आम्ही तेच घेऊ."

अप्पासाहेब हसले. "अहो बाई, हे नखाला लावायचं असतं. पोटात थोडंच जातं?"

"मग तुमच्या नखांना लावू?"

सगळा मांडव बघत होता. त्यांनी ऐटीत उजवा हात पुढे केला. सुनंदाने पाचही नखं लाल केली, आणि तेवढ्यात पंगतीचं बोलावणं आलं. पानात वाफाळता वरणभात आला. अप्पासाहेबांनी सवयीने कालवायला बोटं नेली, तसा तो उग्र वास नाकात गेला आणि हात पानावरच थांबला. हा रंग पाण्याने जात नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ते वाढप्याला हळूच म्हणाले, "जरा चमचा आणा."

चमचा सुनंदानेच आणून दिला.

"तुम्ही चमच्याने जेवाल, साहेब. इथली आई लेकराला बोटांनीच भरवते."

अप्पासाहेबांनी चमचा खाली ठेवला. वाटलेल्या बाटल्या त्यांनी त्याच लाल नखांच्या हाताने परत गोळा केल्या.