नखाएवढे उघडे लोखंड

घाटाखालच्या एका गावी, एका वृद्ध कारागिरापाशी, एकदा एक शिष्य जुन्या मोटारींची विद्या शिकत होता. शिकता शिकता सात वर्षे उलटली. आता स्वतःचे गॅरेज काढावे असे त्याच्या मनाने घेतले, आणि तो योग एका व्यापाऱ्याच्या मोटारीवर येऊन थांबला. मोटार व्यापाऱ्याच्या दिवंगत वडिलांची, साठ वर्षांपूर्वीची. "ही नीट करून दिलीस, तर माझ्या आणखी चार जुन्या गाड्या तुझ्याच गॅरेजात," असा त्याचा शब्द होता. त्या चार गाड्यांवाचून नव्या गॅरेजचे दार उघडणे शिष्याला शक्य नव्हते.

दृष्टांतांतला शिष्य बहुधा आळशी असतो. हा तसा नव्हता. त्याने पत्रा न् पत्रा सोलून काढला, गंज घासला, आणि जिथे कोणाची दृष्टी कधी जाणार नाही त्या डॅशबोर्डमागच्या पत्र्यालाही रंगाचे तीन हात दिले. बोटभर लोखंड कोठे उघडे ठेवले नाही. त्याला त्याचा अभिमान वाटे, आणि तो अभिमान अनाठायी होता असे म्हणता येणार नाही.

गाडी जोडून झाली. इंजिन सुरू केले, तसे डॅशबोर्डवरचे दोन काटे सावकाश वर चढू लागले आणि चढतच राहिले. टाकी अर्धी, पण पेट्रोलचा काटा म्हणे काठोकाठ भरली आहे. इंजिन नुकते कोमट झालेले, पण तापमानाचा काटा तांबड्या रेघेला जाऊन भिडला.

तिथून शिष्याचे स्वास्थ्य गेले. पहिल्या दिवशी त्याने टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता गोळा, बदलला. दुसऱ्या दिवशी इंजिनाला लावलेला तापमापक. तिसऱ्या दिवशी सगळ्या वायरी उपसल्या. जेवता जेवता तो उठे, चावी फिरवी, बंद करी, पुन्हा फिरवी. काटे जागेवर यायला मिनिटभर लागे. त्याला तेवढाही धीर निघत नसे. चौथ्या दिवशी व्यापारी आला आणि खिडकीतून डोकावला.

"अर्ध्या टाकीला भरलेली म्हणतोय! मिस्त्री, ह्याला निवडणुकीला उभा कर."

शिष्याला हसू आले नाही. तो म्हणाला, "शेठ, काटेच कुचकामी झालेत. वय झालं त्यांचं. नवे बसवू."

व्यापारी गंभीर झाला. "बाबांनी उभा जन्म ह्याच काट्यांकडे बघून घाट चढला. पण तू म्हणतोस तर काढ बाबा. उद्या दुपारी न्यायला येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्याने काटे काढण्यासाठी पाना हातात घेतला. पण मन काही केल्या धजेना. अखेर तो वृद्धाकडे गेला. "वस्ताद, एकदा तुम्ही बघा."

वृद्ध येऊन आसनावर बसला. त्याने इंजिन चालू केले आणि हात मांडीवर ठेवून काटे चढताना पाहत राहिला. शिष्य या पायावरून त्या पायावर होत होता.

"दोन्ही एकाच दिवशी बिघडले?"

"हो."

"रंग देण्याआधी कसे होते?"

"आधी ठीक होते. पण वस्ताद, रंगाचा इथं काय संबंध?"

इंजिन बंद करून वृद्धाने स्क्रू-ड्रायव्हर आणि पॉलिश-पेपरचा तुकडा घेतला, डॅशबोर्डखाली डोके घातले, आणि खरखर आवाज येऊ लागला.

"अहो वस्ताद! रंग! तीन हात दिलेत मी तिथं!"

"चार दिले असतेस तर मला आणखी घासावं लागलं असतं," आतून आवाज आला.

तेथे स्क्रूने बसवलेली एक लहानशी डबी होती. दोन्ही काट्यांना बेताची वीज पुरवणारी. वृद्धाने ती सोडवली होती; तिच्याखालचा नखाएवढा रंग खरवडून त्याने लोखंड उघडे केले, आणि डबी पुन्हा घट्ट बसवली. इंजिन सुरू झाले. काटे सावकाश चढले. एक अर्ध्यावर थांबला, दुसरा तांबड्या रेघेच्या बराच खाली.

शिष्य पाहतच राहिला. वृद्ध हात पुशीत म्हणाला, "एक काटा टाकीचं सांगतो, दुसरा इंजिनाचं. ते एकाच दिवशी, एकाच बाजूला चुकले, तर दोष त्यांचा नाही. दोघांच्या मागे जे एक आहे, तिथं बघावं. ह्या डबीला गाडीच्या लोखंडाचा स्पर्श लागतो. तो असला तर ती वीज आवरते, नाही तर मोकाट सोडते. तू गंज येऊ नये म्हणून रंग दिलास, चांगलं केलंस. पण कुठं थांबायचं हे रंगाला कळत नाही. ते रंगवणाऱ्यानं ठरवायचं असतं."

शिष्याच्या छातीवरचे ओझे उतरले. तो उत्साहाने म्हणाला, "शेठना सांगतो, नव्या काट्यांची गरज नाही. जुनेच मी खटपट करून बरे केले."

वृद्धाने त्याच्याकडे पाहिले. "हा चौथा हात झाला."

शिष्याचा चेहरा उतरला. दुपारपर्यंत तो अंगणात येरझारा घालीत राहिला. चार गाड्या, नवे गॅरेज, सात वर्षे, सारे त्याच्या डोळ्यांपुढून जात होते. व्यापारी आला, काटे पाहून प्रसन्न झाला. "वा मिस्त्री! कसे बरे केलेस?"

"शेठ, ते बिघडलेच नव्हते. मीच नको तिथं रंग दिला, आणि दोष तुमच्या वडिलांच्या काट्यांना दिला. खरा दोषही वस्तादांनीच शोधला."

व्यापाऱ्याने काट्यांच्या काचेवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "चार गाड्या नाही देत." शिष्याने मान खाली घातली. "एक देतो. ती चालली की दुसरीचं बघू. आणि काय बिघडलं ते मला असंच सांगायचं. कळलं?"

"कळलं, शेठ."

गाडी घाटाकडे वळून दिसेनाशी झाली. एका गाडीवर गॅरेज चालेल की नाही, हे शिष्याला ठाऊक नव्हते; तरीही पाच दिवसांत प्रथमच तो पायरीवर स्वस्थ बसला. दोष आपल्या हातचा आहे, एवढे म्हणण्यापुरती जागा ज्याने स्वतःत उघडी ठेवली, त्यालाच इतरांचे मोजमाप खरे कळते.