साहेब दौऱ्यावर आहेत

बाराच्या आत धरणाचे आकडे गेले नाहीत, तर खालच्या गावांना पाणी सुटल्याचं कळणार कसं? पावणेबारा वाजले, आणि संगणक म्हणे, ‘आकडे पाठवायचा प्रोग्रॅम सापडत नाही.’ ऑपरेटर सुमित्राबाईंनी पुन्हा टाईप करून पाहिलं; तेच उत्तर.

टेंभेकर साहेब गरजले, “मशीन नाही म्हणतंय म्हणजे नाही! तुम्हीच पुसलात. उद्यापासून घरी बसा!”

बाईंनी दाराबाहेर हाक मारली, “महादूकाका, साहेब आहेत का हो?”

मी दारावरचा शिपाई. कुणीही विचारलं तरी द्यायचं म्हणून साहेबांनीच पढवलेलं उत्तर ठोकलं, “साहेब दौऱ्यावर आहेत!”

बाई साहेबांकडे वळल्या, “ऐकलंत? काका नाही म्हणतात, तुम्ही तर समोर बसलात! मशीनही हुकमाचं ताबेदार. नेमून दिलेल्या खोल्यांतच, म्हणजे फोल्डरांतच, बघतं. प्रोग्रॅम पलीकडच्या खोलीत आहे.”

त्यांनी त्या खोलीचा पुरता पत्ता टाईप केला, आणि बाराच्या आत आकडे रवाना झाले.

साहेब तेवढे मान खाली घालून खरोखर दौऱ्यावर निघाले.