चिमाचं बोलणं

इंग्रजांच्या राणीच्या राजवटीतली गोष्ट. एका संस्थानात वेड्यांना कोठडीत साखळदंडाने बांधून ठेवत. त्यांच्यासाठी झटणाऱ्या अन्नपूर्णाबाई लेले ऐन पौषात कारभाऱ्यांना घेऊन तिथे गेल्या. कोठडीच्या उघड्या फरशीवर चिमा नावाची बाई बसली होती.

"हिला का बांधलंय?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"राजवाडा जाळीन म्हणाली!" कारभारी म्हणाले.

तेवढ्यात चिमा पुटपुटली, "बाई, लई थंडी वाजतीया."

कारभारी हसले. "वेडीच्या बोलण्यावर कसला विश्वास ठेवता?"

"बरं, नाही ठेवत. मग त्याच बोलण्यापायी घातलेली साखळी काढा," बाई म्हणाल्या. "आणि तुमचा विश्वास असेल, तर तिला पांघरूण द्या."

दाराशी उभ्या शिपायांनी हसू दाबलं. कारभाऱ्यांनी किल्ली मागवली. आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, घोंगडीही.